हेडफोन की स्पीकर? एका सल्ल्याचा इतिहास

लॅपटॉप, एक माइक आणि हेडफोन एवढ्या सामानावर घरीच नात, कव्वाली किंवा रॅप रेकॉर्ड करणारी मुले आज गावोगावी आहेत. त्यांना एक सल्ला हमखास ऐकावा लागतो : ‘हेडफोनवर मिक्सिंग होत नाही, आधी चांगले स्पीकर घे.’ ज्याचे अख्खे कुटुंब दोन खोल्यांत राहते, त्याच्या उमेदीवर हा सल्ला पाणीच ओततो. म्हणून तो कुठून आला आणि त्यात तथ्य किती, हे तपासले पाहिजे.

हेडफोनचा जन्म संगीतासाठी झाला नाही. टेलिफोन आणि बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांचे ते साधन होते. अमेरिकेतील यूटाच्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी 1910 च्या सुमारास बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने घेतले. संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले ते जॉन कॉस यांनी, 1958 साली. तोवर गाणी स्पीकरवर ऐकली जात आणि स्पीकरसाठीच मिसळली जात.

याचा पुरावा बीटल्सच्या 1963 च्या पहिल्या अल्बममध्ये सापडतो. तो दोन ट्रॅकवर रेकॉर्ड झाला : एकावर मुख्यतः वाद्ये, दुसऱ्यावर गायन. पुढे दोन्हींचा समतोल साधून एकच मोनो आवाज करायचा, हा त्यामागचा हेतू. स्टिरिओ आवृत्तीत मात्र वाद्ये एका बाजूला आणि गायक दुसऱ्या बाजूला राहिले. स्पीकरवर हे खपून जाते. हेडफोनवर गाणे दोन कानांत फाटल्यासारखे वाटते.

कारण साधे आहे. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा मंद होऊन. हेडफोनमध्ये ही सरमिसळ होत नाही. ती कृत्रिमरीत्या घडवणारे सर्किट बेंजामिन बाउअर यांनी 1961 मध्ये मांडले. आज ‘क्रॉसफीड’ नावाने तीच युक्ती सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

म्हणजे सल्ला अर्धा खरा आहे. उरलेले अर्धे सत्य खोलीत दडलेले आहे. दहा फूट लांबीच्या खोलीत सुमारे 56 हर्ट्झचा खर्ज भिंतींमध्ये अडकतो : भिंतीजवळ तो फुगतो, मधोमध जवळपास नाहीसा होतो. महागडे स्पीकर आणले तरी भिंती त्याच राहतात. हेडफोनला खोलीच नसते, त्यामुळे हा दोष त्याला लागत नाही.

व्यावसायिकांनी तरी कुठे केवळ उंची स्पीकरवर भरवसा ठेवला? यामाहाचा एनएस-10 हा 1978 चा घरगुती स्पीकर. घरांत तो फारसा रुजला नाही, स्टुडिओंत मात्र जगभर पोहोचला. त्याचा तीव्र स्वर कानाला टोचतो म्हणून इंजिनिअर त्यावर टिश्यू पेपर चिकटवत! ऑराटोनचा चौकोनी छोटा डबाही असाच ठेवलेला असे. गाणे साध्या रेडिओवर कसे वाजेल, हे त्यावर कळे. आणि 1979 मध्ये सोनीचा वॉकमन आला, तेव्हा श्रोत्यानेच हेडफोन कानाला लावला.

या इतिहासाचा धडा असा की, मिक्सिंग नेहमीच ऐकणाऱ्याच्या साधनाला विचारून होत आले आहे. तेव्हा हेडफोनवर खुशाल काम करावे. बारीक खरखर, श्वास, चुकीची जोडणी तिथेच उत्तम पकडता येते. पण तीन निर्णय स्पीकरवर पडताळावेत : गायकाचा आवाज किती वर ठेवायचा, डावे-उजवे किती पसरवायचे आणि घुमारा किती द्यायचा. हेडफोनवर घुमारा ठळक ऐकू येतो, म्हणून हात आखडतो आणि स्पीकरवर नात कोरडी वाटते. या पडताळणीला मोबाइलचा किंवा रिक्षातला स्पीकरही चालतो. आवाज लहान ठेवून, एकदा मोनो करून ऐकावे.

स्पीकर नाहीत म्हणून कुणी थांबू नये. पण ज्या स्पीकरवर लोक ऐकणार आहेत, त्यावर न ऐकता गाणे पाठवूही नये.