सरसापासून सोयाबीनपर्यंत

स्वयंपाकघरातली कपाटं घरीच करायची ठरवली आणि फळी कोणती घ्यावी यावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. पार्टिकल बोर्ड स्वस्त, एमडीएफ गुळगुळीत, प्लायवूड मजबूत, एवढं दुकानदारही सांगतो. मी मात्र वाचत गेलो तसं लक्षात आलं, की फळीचा इतिहास म्हणजे खरं तर तिच्यातल्या गोंदाचा इतिहास. आणि मंडळी, त्यातला बराचसा आपल्या ओरेगनातच घडला!

१९०५ साली पोर्टलंडला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी सेंट जॉन्समधल्या एका कारखान्याने डग्लस फरचे पातळ पापुद्रे चिकटवून फळ्या केल्या. सरस लावायला रंगाचे ब्रश आणि दाब द्यायला घर उचलायचे जॅक! सरस जनावरांच्या हाडाकातड्याचा, त्यामुळे वासाचं विचारूच नका. पुढे १९२०च्या दशकात सिअ‍ॅटलला सोयाबीनचा गोंद निघाला, १९३४मध्ये पाण्याला दाद न देणारा कृत्रिम गोंद आला. मग स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइडने बाजार काबीज केला. घरगुती कपाटांचे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मुख्यतः त्याच्याच जिवावर उभे राहिले.

पण त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो कर्करोगकारक ठरवला. २००५च्या कतरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलरांत लोकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास लागू लागला. २०१०मध्ये या वायूवर मर्यादा घालणारा देशव्यापी कायदा झाला.

उत्तर पुन्हा ओरेगनातच सापडलं. कॉर्व्हॅलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक कैचांग ली यांनी समुद्रकाठी लाटांचा मार खाऊनही खडकाला घट्ट धरून बसलेले शिनाणे पाहिले. त्यांच्या चिकट प्रथिनासारखं काही सोयाबीनपासून करता येईल, हे त्यांना सुचलं. या गोंदाला २००७ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऐंशी वर्षांनी सोयाबीन परत आलं म्हणायचं!

घरात रांगतं मूल आहे, म्हणून मी सोयाबीनच्या गोंदाचंच प्लायवूड घेतलं. महाग पडलं, पण चर्चा संपली. खण मात्र एमडीएफचेच ठेवले, कायद्याचा शिक्का बघून. कापलेल्या कडेतून वायू जास्त सुटतो आणि पाणीही तिथूनच शिरतं, म्हणून पाठची न दिसणारी कडसुद्धा बंद केली. दारांना मेपलची पट्टी इस्त्रीने चिकटवली. सिंकखालच्या कपाटाला मात्र अस्सल लाकडाची लिपिंग ठोकली. तिथे ओला हात रोज लागतो, आणि इस्त्रीची पट्टी वाफेने सुटते.