छोट्या विमानांचा रेडिओ: शिस्त, विनोद आणि मर्यादा

प्रवासी एअरलाइन्स आणि लष्कर वगळलं तर उरलेलं बहुतेक सगळं उड्डाण ‘जनरल एव्हिएशन’मध्ये मोडतं. फ्लाइंग स्कूलचं सेसना १७२, शेतावर फवारणी करणारं विमान, रविवारी हौसेनं उडणारा डॉक्टर, सगळे यातच. मी स्वतः पायलट नाही. दिवसा बॅकएंडचा कोड लिहितो आणि रात्री सिम्युलेटरवर उडतो. पण या लोकांचा रेडिओ मला नेहमी एखाद्या जुन्या, विचित्र, तरीही चालणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलसारखा वाटतो. आज तोच समजून घेऊया.

विमानांचं बोलणं साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, आणि तेही एएमवर. हो, जुन्या आकाशवाणीवालं एएम. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दोघांनी एकदम दाबलं तर बाकीच्यांना कर्कश शिट्टी ऐकू येते आणि दोन्ही संदेश वाया जातात. इथे एएमचा फायदा असा, की टक्कर झाल्याचं निदान कळतं. एफएमवर जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला गपचूप गिळून टाकतो. कुणाचं बटण दाबलेलंच अडकलं तर मात्र अख्खी फ्रिक्वेन्सी बंद.

या प्रोटोकॉलमध्ये ना रांग आहे, ना आपोआप रीट्राय. पोच मिळाली की नाही, ते माणसांनीच बघायचं. त्याला म्हणतात रीडबॅक. कंट्रोलरने धावपट्टी किंवा उंची सांगितली की पायलट ती जशीच्या तशी परत म्हणतो, आणि कंट्रोलर ते कान देऊन तपासतो. नुसतं ‘रॉजर’ म्हटलं तर ऐकलं एवढंच कळतं, काय ऐकलं ते नाही. ‘नाईन’चा उच्चार ‘नाईनर’ करतात तो याचसाठी, खरखरीत ‘फाईव्ह’ आणि ‘नाईन’ सारखेच ऐकू येतात.

एवढ्या कोरड्या भाषेत विनोद कुठून येणार? येतो, आणि मस्त येतो. अमेरिकेत पायलटने नियम मोडल्यासारखा वाटला तर कंट्रोलर शांतपणे सांगतो, एक फोन नंबर लिहून घ्या आणि उतरल्यावर कॉल करा. हे वाक्य म्हणजे हेडमास्तरांच्या ऑफिसात बोलावणं. ते ऐकून बाकीचे पायलट जे सहानुभूतीचे उसासे टाकतात ना, त्यावरच निम्मे जोक उभे आहेत.

दुसरा विनोद मला अजिबात आवडत नाही. १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. एअरलाइन्सची विमानंही ती ऐकत असतात. आणि तिथेच काही महाभाग मांजरीसारखं ‘म्याऊ’ करतात. मग कुणीतरी चिडून दटावतो, त्यावर आणखी दोन म्याऊ. इंजिन बंद पडलेल्या माणसाला हवी असलेली जागा तेवढा वेळ अडलेली असते. विनोद करायचा तर मोकळ्या वेळी, दोन शब्दांत, आणि आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर नाहीच.

आता खरा गुंतागुंतीचा भाग. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत, त्यातल्या जेमतेम ५०० ठिकाणी टॉवर आहे. बाकी ठिकाणी कंट्रोलरच नाही. पायलट एका सामायिक फ्रिक्वेन्सीवर स्वतःच घोषणा करतात: विमानतळाचं नाव, मी कोण, कुठे आहे, काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. नाव दोनदा का? कारण आसपासचे अनेक विमानतळ तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. ‘कुणी ट्रॅफिक असेल तर सांगा’ असं विचारू नका, असं तिथल्या अधिकृत मार्गदर्शिकेत चक्क लिहिलंय. उत्तर द्यायला दहा जण एकदम बटण दाबतील!

ही पद्धत कुठे तुटते, ते कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला १८ ऑगस्ट २०२२ रोजी दिसलं. एक छोटं सेसना १५२ धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या आयताकृती मार्गावर होतं. दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ रेषेत उतरायला येत होतं, नेहमीच्या लँडिंगपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने. टॉवर नव्हता. दोघेही घोषणा करत होते. १५२ च्या पायलटने मागचं विमान फार वेगात येतंय, मी लँडिंग सोडून वर जातो, असंही सांगितलं. तरी काही क्षणांत टक्कर झाली. दोन्ही विमानांतले मिळून तिघे गेले. सरळ येणाऱ्या पायलटने पुढचं विमान पाहून टाळलं नाही, असं कारण तपास यंत्रणेने दिलं.

म्हणजे संदेश पोचले होते. पण ‘तीन मैलांवर आहे’ हे ऐकून डोक्यात जे चित्र तयार होतं, त्यात वेग नसतो. फ्लाइंग स्कूलमध्ये क्रम शिकवतात: आधी विमान उडवा, मग दिशा सांभाळा, मग बोला. त्यात बाहेर बघत राहणं पहिल्याच पायरीत येतं. समोरचं विमान दिसत नसेल तर उतरण्याचा हट्ट सोडून बाजूला व्हायचं, हे मला रेडिओवरच्या सफाईदार बोलण्यापेक्षा मोठं कौशल्य वाटतं.

आणखी एक. टॉवर नसलेल्या बहुतेक ठिकाणी तिथे रेडिओ सक्तीचाच नाही. जुन्या पायपर कबमध्ये बऱ्याचदा वीजयंत्रणाच नसते. ती घोषणा करणार नाही, तुमचीही ऐकणार नाही, आणि तिथे ती पूर्ण कायदेशीरपणे उडत असते.