छतावरचा अँटेना आणि मृगाआधीची वीज

नागपूर दूरदर्शनचा मनोरा सेमिनरी हिल्सवर. ऐंशीच्या दशकात महाल, इतवारी, धंतोलीच्या छतांवर ॲल्युमिनियमचे अँटेना त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. मी तेव्हा टीव्ही दुरुस्त करायचो. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं, १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि अँटेना बसवून घ्यायची घाई घरोघर झाली.

अँटेना चढवायचा उंच लोखंडी पाइपावर. पाइपाला अर्थिंग क्वचितच असे. दोन तारांची चपटी वायर मात्र थेट बैठकीतल्या संचाच्या पाठीत. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी त्या वायरीत क्षणभर प्रचंड दाब उठतो आणि ट्यूनर जातो. घरच्या लाइटच्या लाइनीतूनही तो येतो, मग पॉवर सप्लाय जळतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणातली एवढीशी फट वीज सहज ओलांडते. मृगाआधीच्या वादळांनंतर असे संच दुकानात यायचेच.

म्हणून अँटेना बसवला की घरच्यांना मी बजावायचो: आभाळ दाटलं की आधी प्लग काढा, मग अँटेनाची वायर. गडगडाट ऐकू यायला लागला असेल, तर मात्र कशालाच हात लावू नका. संच जळला तर जळू द्या, दुरुस्त करता येतो.

पुढे केबल आली, मग डीटीएचची छत्री. तिची वायरही छतावरूनच उतरते. पावसाळ्यात तीही काढायची.