लाल रंगाची परवानगी

आमच्या लहानपणी ‘जपानी माल’ हे शब्द कौतुकाने उच्चारले जात नसत. एका दिवाळीत मामांनी मला पत्र्याची लाल मोटार आणून दिली. किल्ली दिली की ती ओसरीभर धावे. भाऊबीज उजाडायच्या आत तिचे चाक निखळले, तेव्हा आजी म्हणाली, “जपानी माल तो! पाडव्यापर्यंत टिकला हेच पुष्कळ.”

पुढे कित्येक वर्षांनी जपानातल्या मोतेगी येथे होंडा कंपनीच्या संग्रहालयात एका चिमुकल्या मोटारीपुढे मी उभा राहिलो आणि प्रथम आठवली ती आजी. मोटारीचे नाव एस ५००. दोन माणसांपुरती जागा आणि मागे दुमडता येणारा कापडी टप. दिसायला खेळणेच, पण तिच्यामागे एका हट्टी माणसाचे सरकारशी झालेले भांडण उभे आहे.

सोइचिरो होंडा हे लोहाराचे पोर. जन्म १९०६ चा. तरुणपणी मोटारींच्या शर्यतीचे वेड. १९३६ साली तामागावा येथील शर्यतीत त्यांना भयंकर अपघात झाला. वेड मात्र शाबूत राहिले. १९४८ साली त्यांनी कंपनी काढली, ती मोटारसायकलींची. १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की आपण आइल ऑफ मॅनच्या जगप्रसिद्ध शर्यतीत उतरणार. १९५९ साली त्यांच्या गाड्या तेथे धावल्या आणि १९६१ मध्ये १२५ व २५० सी.सी. या दोन्ही गटांत पहिल्या आल्या.

आता चारचाकी करावी, असे होंडांच्या मनात घोळत होते. नेमके त्याच वर्षी व्यापार-उद्योग खात्याने ठरवले, की देशात मोटारी करणारे आहेत तेवढे पुरे. त्यांचेच दोन-तीन गट पाडावेत आणि नव्याला दार बंद करावे. परदेशी मालापुढे आपल्या धंद्याचा निभाव लागावा, हा त्यातला हेतू. परवान्याचे राज्य म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे! होंडा संतापले, अधिकाऱ्यांशी कडाकडा भांडले. पण नुसत्या भांडणाने भागणार नव्हते. कायदा होण्यापूर्वी मोटार करून दाखवणे, एवढीच एक वाट होती.

१९६२ च्या जूनमध्ये सुझुका येथे विक्रेत्यांच्या मेळाव्यात एस ३६० नावाचा नमुना धावला. रंग लाल! आणि येथे दुसरीच अडचण उपटली. जपानात त्या काळी लाल रंग आगीच्या बंबांसाठी राखलेला, तर पांढरा पोलिसांच्या व रुग्णांच्या गाड्यांसाठी. खाजगी मोटारीला दोन्ही वर्ज्य. होंडांनी वर्तमानपत्रात लेख लिहून विचारले, की रंगावर मक्तेदारी सांगणारे सरकार जगात आणखी कोठे आहे? त्यांच्या माणसांनी खात्याचे उंबरठे झिजवले आणि अखेर लाल रंग मोकळा झाला.

एस ३६० विक्रीला आली नाही. तिच्याऐवजी १९६३ च्या ऑक्टोबरात थोडी मोठी एस ५०० आली. इंजिन अवघे ५३१ सी.सी.चे, पण त्याला चार सिलिंडर आणि चार कार्बुरेटर. मिनिटाला ८,००० फेरे घेऊन ते ४४ अश्वशक्ती देई. गंमत मागच्या चाकांपाशी आहे. मोटारसायकलवाल्याने मोटार केली, म्हणून त्याने साखळी सोडली नाही! प्रत्येक मागच्या चाकाला एक, अशा दोन साखळ्या बंद पेट्यांत बसवल्या होत्या. किंमत ओळखण्याची स्पर्धा वर्तमानपत्रांतून लावली, तिला ५० लाखांहून अधिक उत्तरे आली. उत्तर होते ४,५९,००० येन.

पाठोपाठ १९६४ च्या मार्चमध्ये ६०६ सी.सी.ची एस ६०० निघाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगवर उतरली. डोंगरझाडीतून वळणे घेणारा हा शर्यतीचा रस्ता २२ किलोमीटरांहून लांब, आणि शर्यत ५०० किलोमीटरांची. न्यूझीलंडच्या डेनी हल्मने ती चालवली आणि आपल्या गटात पहिला नंबर पटकावला. हाच हल्म १९६७ मध्ये जगज्जेता ठरला.

आणि तो कायदा? त्याचे विधेयक संसदेत पुनःपुन्हा आले, पण संमत होईना. १९६४ साली ते कायमचेच बारगळले. केवळ होंडांमुळे ते पडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बड्या धंदेवाल्यांना आणि बँकांनाही सरकारी लगाम नकोच होता. पण समजा, ते मंजूर झाले असते, तरी होंडांना ‘तुम्ही नवे’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. त्यांच्या मोटारी रस्त्यावर धावत होत्या.

१९६६ साली एस ८०० आली. पुढे त्याच मालिकेत साखळी जाऊन सर्वसाधारण दांडा आला आणि १९७० मध्ये ही मालिकाच संपली. हिशेबी माणूस म्हणेल, एवढ्या खटाटोपात फार पैसा मिळाला नसेल. असेलही तसे. पण मोटारकारखानदारांच्या पंगतीत होंडांचे पान मांडले गेले, ते या चिमुकल्या गाडीच्या वेळी.

संग्रहालयात मी बराच वेळ रेंगाळलो. गाडीला हात लावायची बंदी होती, म्हणून नुसता पाहत राहिलो. आजी बरोबर असती, तर तिने पाटी वाचली नसती आणि रखवालदारालाही जुमानले नसते. आधी वाकून चाक हलवून पाहिले असते.