शिशाचा मासा

जिगर म्हटले की आपल्याला धाडस आठवते. आमच्या घरच्या उर्दूत त्याचा मूळ अर्थ यकृत. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर मात्र जिगर म्हणजे मासे धरण्याचा गळ! शब्दांचे कूळ निराळे, उच्चार तेवढा एक. गंमत अशी, की हा गळ ज्या कॉड माशासाठी घडला, त्याच्याच यकृताचे उग्र तेल लहानपणी माझ्या पोटात चमच्याचमच्याने गेले आहे.

या गळाची घडण साधी. शिसे वितळवून साच्यात ओतायचे आणि बोटभर मासळी घडवायची. तिच्या टोकाला दोन दिशांना वळलेले दोन आकडे. शिसे काळवंडले की चाकूने खरवडून पुन्हा चकचकीत करायचे. आमिष लावायचेच नाही. उन्हाळ्यात कॅपलिन नावाची लहान मासळी अंडी घालायला किनाऱ्याशी येते आणि तिच्यामागे कॉड. पोट भरलेला कॉड आमिषाला विचारत नाही. अशा वेळी कोळी हा गळ तळापर्यंत सोडून थोडा वर घेत आणि दोरीला हिसके देत राहत. चकाकीला भुलून आलेला मासा तोंडात नाही, तर अंगात अडके. यात क्रौर्य होतेच. जखमी होऊन सुटलेले मासे वाया जात.

माकुलासाठी वेगळा जिगर होता. त्याला आकड्यांऐवजी टाचण्यांसारख्या काट्यांचे कडे असे. १९६०च्या दशकात जपानी पद्धतीचे रहाट आले. एकाच दोरीला अनेक जिगर लागले. हाताचे काम चाकाकडे गेले.

पण कॉडचा घात या गळाने केला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रातच मासे गोठवणारी अवाढव्य जहाजे तळ खरवडणारी जाळी घेऊन आली. १९६८ साली एकट्या उत्तरेकडच्या कॉडची पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली. पुढे साठाच कोसळला. २ जुलै १९९२ रोजी सरकारने त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. जाळेवाल्याबरोबर दोरीवालाही घरी बसला. २०२४ साली ही बंदी उठली, तेव्हा वर्षाची मर्यादा होती १८ हजार टन.

शिशाच्या त्या माशात दोष होते, पण त्याला एक मर्यादा आपोआप होती. संध्याकाळी ओढणाऱ्याचा हात दुखू लागे आणि होडी घरी वळे. यंत्राचा हात दुखत नाही. तिथे थांबायचे कधी, हे माणसालाच ठरवावे लागते. न्यूफाउंडलंडमध्ये ते ठरेपर्यंत फार उशीर झाला होता.