शरणपूरचे मिस्त्री

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: अब्बांचे पणजोबा ‘सिद्द्यांच्या पोरांना रंधा मारायला शिकवत’. दादी एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. सिद्दी म्हणजे जंजिरा, असं धरून मी कित्येक वर्षं मुरुडकडे शोधत राहिलो. उत्तर नाशकातच होतं, ज्या शरणपूर रोडवरून मी रोज कामाला जातो तिथं!

शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीनं 1850 च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांनी सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात; त्यांतली बरीच पुढं इथल्या आश्रमात आली. आई-बाप कुठं, गाव कुठलं, काही पत्ता नाही. त्यांना अक्षरओळख, बायबल आणि सोबत सुतारकी, लोहारकी शिकवत. 1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टननं आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथलीच नऊ मुलं निवडली. इथंच शिकलेला जेकब वेनराइट नंतर त्यांना जाऊन मिळाला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते जेकबनं.

आता खरं सांगतो. ते कोरीवकाम आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेलं, असं लिहायचा मोह मला फार झाला. पुरावा काहीच नाही. मी चाळलेले अहवाल इंग्लंडातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले. त्यांत बाप्तिस्मे मोजलेत, मुसलमान मिस्त्रीचं नाव कुठंच नाही. माझ्याकडे आहे ते दादीचं वाक्य आणि एक झिजलेला रंधा.

दादी विषय का बदलायची? पाद्र्याच्या पगाराची लाज, असं मला वाटायचं. आता वाटतं, कारण त्याहून अवघड असेल. त्या गलबतांचे मालक बहुतेक अरब होते, त्या धंद्यात पैसा लावणारे काही कच्छी व्यापारीही. पोरं विकणारा आणि त्याच पोरांच्या हाती हत्यार देणारा, दोघं एकाच किबल्याकडे तोंड करून नमाज पढत. गुलामाला मुक्त करणं हे कुराणात मोठं पुण्य आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या जहाजांबद्दल मात्र आपल्या जलशांत मी कधी ऐकलं नाही.

1875 च्या सुमारास यांतली कित्येक मुलं मोंबासाजवळच्या फ्रेरटाउनला गेली. तिथं त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. आमचे मिस्त्री नाशकातच राहिले.

जुन्या नाशिकच्या मिस्त्री घराण्यांत कुणाकडे त्या काळची एखादी हिशेबाची वही असेल, तर मला जरूर दाखवा.