विक्रांत (आर-११)

भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका. मूळची ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. सेवाकाल १९६१–९७.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धात मोठ्या विमानवाहू नौका बांधायला फार वेळ लागत असल्याने ब्रिटनने १९४२ मध्ये लहान, हलक्या नौकांचा आराखडा केला. व्यापारी जहाजे बांधणाऱ्या गोद्यांनाही तो झेपण्याजोगा होता. कलोसस व मॅजेस्टिक वर्गांच्या मिळून १६ नौकांची मागणी नोंदवली गेली; त्यांपैकी एकही महायुद्धाच्या प्रत्यक्ष लढाईत उतरली नाही. त्यामुळे युद्धेतिहासात त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. पुढे मात्र ट्रायम्फ, थिसियस, ओशन, ग्लोरी या कोरियन युद्धात लढल्या. इतर काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, ब्राझील आदी देशांच्या नौदलांत गेल्या.

बांधणी : यांपैकीच हर्क्युलिसचे काम १९४३ मध्ये न्यूकॅसल येथे सुरू झाले व २२ सप्टेंबर १९४५ रोजी, महायुद्ध संपल्यावर, तिचे जलावतरण झाले. १९४६ मध्ये काम थांबले. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेऊन बेलफास्ट येथे पूर्ण करवून घेतली. तिरकी धावपट्टी आणि वाफेच्या जोरावर विमान पुढे फेकणारे कॅटपल्ट यांमुळे तिच्यावरून सी हॉक ही जेट विमाने उडवता येऊ लागली. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबरला मुंबईत आली.

युद्धकार्य : १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी होती. १९७१ च्या युद्धातही चारपैकी एक बॉयलर निकामी होता. वेग घटल्याने धावपट्टीवर समोरून मिळणारा वारा कमी पडे आणि भार लादलेले विमान उडवणे जिकिरीचे होई. तरीही ४ डिसेंबर रोजी तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. बंगालच्या उपसागरातील नाकेबंदीमुळे पूर्व पाकिस्तानातील सैन्याचा सागरी मार्ग तुटला. कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळाले.

अखेर : ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाल्यावर ती मुंबईत २०१२ पर्यंत तरते संग्रहालय होती. २०१४ मध्ये लिलावात विकली जाऊन मुंबईतीलच दारूखाना येथे ती मोडीत निघाली.

मूल्यमापन : एका युद्धासाठी आखलेली ही नौका जलावतरणानंतर २६ वर्षांनी दुसऱ्याच युद्धात, दुसऱ्याच ध्वजाखाली लढली. ब्रिटिश हलक्या विमानवाहू नौकांची कामगिरी १९४५ पर्यंतच्या लढायांवरून जोखणे त्यामुळे अपुरे ठरते.